राणीसाहेबांची मुलाखत

"निदान प्रश्न तरी आधी द्या," ताई कार्यक्रमवाल्या मुलीच्या मागेच लागली होती. "सगळे नकोत. पहिला तरी!"

"नाही हो मावशी. आमच्याकडे काहीच लिहिलेलं नसतं. तीच तर गंमत!" म्हणत मुलगी पसार झाली.

आरशासमोर बसलेल्या नटीला घाम फुटला. लिहिलेलं असलं की ती पानभर स्वगत एका दमात म्हणे, प्रेक्षक श्वास रोखून ऐकत. स्वतःचं बोलायची वेळ आली, की जीभ दगा देई. लहानपणापासूनचं हे दुखणं थोरल्या बहिणीने झाकून ठेवलं होतं. पत्रकार आले की ताई पुढे होई, "तिचा घसा बसलाय, मला विचारा." त्यामुळे बाई शिष्ट ठरल्या. नाटकवाले तर पाठीमागे तिला 'राणीसाहेब'च म्हणत.

या मुलाखतीच्या आमंत्रणाचा फोन आला तेव्हा नेमकी ताई बाहेर गेली होती. धाकटी स्वतःच 'नाही' म्हणायला गेली, तर 'न' टाळूलाच चिकटला. पलीकडच्या मुलीला वाटलं, होकार आहे.

"अजून वेळ गेलेली नाही," ताई कानाशी कुजबुजली. "चक्कर आली म्हणून सांगते."

"न-नको."

"अगं, चारचौघांत हसं होईल!"

"होऊ दे. इतकी वर्षं दु-दुसऱ्याचं बोलले. माझं काय निघतं, ते ब-बघायचंय एकदा."

ताईने तिचा पदर सारखा केला.

दिव्यांच्या झोतात मुलाखत घेणारा सूत्रधार हसत पुढे झुकला. "तुम्हाला राणीसाहेब म्हणतात, ठाऊक आहे? एवढा कसला हो तोरा?"

"तोरा नाही. मी त-त-त..."

शब्द अडला.

"तापट?" त्याने मदत केली. ती मान हलवू लागली. "तुसडी?"

प्रेक्षकांत खसखस पिकली. तिने हात वर केला.

"थ-थांबा. माझा शब्द मीच काढते."

सगळे थांबले. कॅमेरावाल्यानेही मान बाजूला काढून पाहिलं.

"...तोतरी आहे मी."

सूत्रधाराचं हसू मावळलं. "पण मग रंगमंचावर?"

"ते शब्द दुसऱ्याचे. त्यांना जीभ भीत नाही." मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण पुढचंही सुचत होतं. "लहानपणी आई म-मीठ आणायला पाठवायची. 'म' सुटायचा नाही, दुकानदार खोळंबायचा. मग मी साखर मागायचे. आई म्हणायची, कार्टीला गोडाचीच हाव!"

आता हशा पिकला, तो वेगळा होता. सूत्रधार हळूहळू थांबायला शिकला. ती अडखळत, ठेचकाळत बोलत राहिली. एखाद्या अनोळखी बाईची हकिकत ऐकावी तशी स्वतःचीच ऐकत राहिली.

परतताना ड्रायव्हरने विचारलं, "कशी झाली मुलाखत, ताईसाहेब?"

विचारलं होतं थोरलीला. नेहमी उत्तर तीच देई. पण धाकटीने आधीच तोंड उघडलं होतं. दिवे, तो प्रश्न, ती साखर, सगळं ती सांगू लागली. ड्रायव्हर मधूनमधून "मग?" म्हणत होता. ताई खिडकीबाहेर पाहत होती.

घर आलं. गाडी थांबली, तरी सांगणं संपेना. ताई उतरली. काहीतरी बोलावं म्हणून दाराशी जरा घुटमळली. मग पर्समधून किल्ली काढून ती एकटीच कुलूप उघडायला गेली.