कोपराच्या उंचीचं टेबल

दुकानदारानं पायानं पंप दाबत लिफ्ट कमरेइतकी वर आणली, वरच्या मोटारसायकलवर कौतुकानं हात फिरवला आणि वळून पाहतो तर गिऱ्हाईक गायब. पुंडलिक मिस्त्री लिफ्टच्या बुडाशी उकिडवे बसून, मान तिरपी करून इंजिनाकडे बघत होते.

"चचा, नीचे कायकू बैठ गए? तुम खडे रहके काम करना बोलकेच तो गाडी उप्पर करा मैं!"

मिस्त्री ओशाळले. त्यांना उठवायला एका बाजूनं त्यांच्या बायको रत्नमालावहिनी लागल्या, दुसऱ्या बाजूनं मी. गुडघे असे वाजले की दुकानदाराचं हसू तिथल्या तिथं थांबलं.

मी त्यांचा सिडकोतला शेजारी. माझी म्हातारी स्कूटर अजून चालते ती मिस्त्रींच्या कृपेनं, त्यामुळे असल्या मोहिमांवर मला निमूट जावं लागतं. सारी उमर दुसऱ्याच्या गॅरेजात जमिनीवर बसून काम केलेला हा माणूस आता घरच्या पोर्चमध्ये गाड्या दुरुस्त करतो. म्हणजे, करत होता. डॉक्टरांनी उकिडवं बसणं बंद केलं. आता एकतर गाडी वर यायला हवी, नाहीतर पान्हे कायमचे पेटीत जायला हवेत. हे दुसरं त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. काम थांबल्यापासून ते घरभर मिक्सरचे नाहीतर पंख्याचे स्क्रू आवळत हिंडत होते. वहिनींच्या शिलाई मशीनला तर त्यांनी इतकं तेल पाजलं की एका बाईच्या ब्लाउजला डाग पडला.

एवढं असूनही लिफ्ट त्यांनी नाकारली.

"ह्याच्यात तेल धरून ठेवणारं रबरी सील हाय ना? सारा जन्म लोकांची गळकी सीलं बदलली म्या. तसलंच सील गाडी उचलून धरणार अन् म्या तिच्या बुडाशी उभा ऱ्हाणार? नाय जमायचं."

दुकानदारानं लॉकची खीळ काढून दाखवली, घालून दाखवली. मिस्त्री तोवर चपला शोधत होते.

शेवटी ठरलं ते साधं लोखंडी टेबल. हलणारं काही नको, गळणारं काही नको. लाकडी फळीवरून गाडी वर ढकलायची आणि उभ्यानं काम करायचं. चिकलठाण्याचा गोकुळ वेल्डर "जय भीम, मिस्त्री" म्हणत दारात आला.

"कोपराची उंची सांगा. त्यातनं इंजिनाची वजा करतो, म्हंजी हात बराबर कामावर येतील."

वहिनींनी गळ्यातली टेप काढली. "नीट उभं ऱ्हावा."

आणि तिथंच घोटाळा झाला. समोर बायको, बाजूला शेजारी, पेन्सिल घेऊन गोकुळ. मिस्त्रींनी पोट आत घेतलं, छाती काढली, हनुवटी उचलली. पासपोर्टच्या फोटोलासुद्धा माणूस इतका ताठ होत नाही. मलाच वाटलं, अरे, हे एवढे उंच आहेत? वहिनी मान खाली घालून हसल्या आणि माप सांगितलं.

टेबल आलं. निळं, देखणं. दूधवाल्याची मोटारसायकल आम्ही दोघांनी वर चढवली. मिस्त्री ताठ उभे राहिले, पण दोन बोल्ट सुटेपर्यंतच. मग पाठ आपल्या सवयीवर गेली, इंजिन छातीशी आलं आणि दोन्ही कोपरं हवेत.

"जमतंय ना?" मी विचारलं.

"एकदम झकास!"

दुसऱ्या दिवशीही झकास, तिसऱ्या दिवशीही झकास. संध्याकाळी मात्र चहाचा कप ते डाव्या हातानं उचलायला लागले, कारण उजवा खांदा वरच येईना. वहिनी म्हणाल्या, टेबलाचे पाय जरा कापून घेऊ. "टेबलाला काय धाड भरलीय?" म्हणून मिस्त्री त्यांच्यावरच गुरगुरले. मला रागच आला त्यांचा. हट्टापायी हा माणूस हातचं काम घालवून बसणार होता.

वहिनींनी मग आपणच गोकुळला बोलावून घेतलं. तो ग्राइंडर घेऊन आला, पण चकित होता.

"माप तर तुमीच दिलं व्हतं, वहिनी."

"व्हय. चुकलं माझं. चष्मा नव्हता तवा."

मी बघतच राहिलो. तीन गल्ल्यांतल्या बायका वहिनींकडे कापड टाकतात ते त्यांचं माप चुकत नाही म्हणून. बाई खुशाल स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेत होती.

मिस्त्री पान्हा पुसत होते. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"गोकुळ, तिचं माप चुकत नसतं. म्याच खोटा उभा ऱ्हायलो."

ते टेबलाशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी अंग सैल सोडलं. खांदे उतरले, पाठ वाकली.

"घे आता."

वहिनींनी कोपराला टेप लावली. एरवी हे त्यांचं निमिषाचं काम, पण आज वेळ लागला. मग त्यांनी एकदा मिस्त्रींच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चार बोटं कमी."

गोकुळनं टेबल उलटं करून चारही पाय तेवढे कापले. टेबल पुन्हा उभं राहिलं, गाडी चढली. मिस्त्रींनी हात पुढं केला तर तो अलगद इंजिनावर जाऊन टेकला. उजव्या हातानं त्यांनी एक बोल्ट सोडवला, परत बसवला, परत सोडवला.

"आरं, हे तर लई भारी झालं!" ते माझ्याकडे वळून ओरडले. "तुमची स्कूटर आणा उद्या. तिचा आवाज मला आठ दिस झोपू देईना!"

खाली फरशीवर पाइपचे चार तुकडे पडले होते. गोकुळ ते भंगारासाठी पिशवीत भरायला वाकला.

"त्ये ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाल्या.

"चार बोटांचे तुकडे, वहिनी. काय करणार ह्यांचं?"

तुकडे गार होईपर्यंत वहिनी तिथंच थांबल्या. मग एकेक उचलून त्यांनी पदरानं लोखंडाचा चुरा पुसला.

"ह्यांच्या उंचीचे हायेत," त्या म्हणाल्या आणि ते पदरात घेऊन घरात गेल्या.