आधी समोरच्याचं

बैठक नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती आणि तिथल्या खिडक्या उघडत नव्हत्या. नदीबद्दल बोलायला एवढी माणसं गोळा करायची आणि नदी कुणाला दिसू द्यायची नाही, ही अक्कल ज्याची असेल त्याला ताईंनी मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. नदी होती ती समोरच्या पडद्यावर. निळा पट्टा, आणि त्याच्या काठाने ओढलेली तांबडी रेघ. ती रेघ म्हणजे पूर अडवणारी नवी भिंत आणि तिच्यावरचा रस्ता. रेघेच्या खाली कुठेतरी दादांचा धक्का होता. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. उभा जन्म त्याने या काठाची माणसं होडीने त्या काठाला पोचवली. सगळा काठ त्याला कप्तान म्हणायचा. तो मात्र आत्ता इस्त्री केलेल्या शर्टात, हात मांडीवर ठेवून, दाढीसाठी नंबर लावून बसल्यासारखा बसला होता.

मागणी केवढीशी होती. भिंत बांधा, रस्ता करा, फक्त धक्क्यापाशी भिंतीत जिन्यापुरती वाट सोडा. वाट सोडली तर होडी चालणार, नाही सोडली तर बंद. नवा पूल पार वरच्या अंगाला होता. पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबायांना पुलावरून दोन बसगाड्या बदलाव्या लागल्या असत्या.

आत येताना दारात एका मुलीने दादांना गळ्यात अडकवायची पट्टी दिली होती. पट्टीवर लिहिलं होतं, ‘हितसंबंधी’. दादांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे मला म्हणतात का?"

"आता तुला असंच म्हणतात," ताई म्हणाल्या. "आधी नुसता माणूस होतास."

ताईंना जुन्या धक्का समितीची आठवण आली आणि ती आली की त्यांचा ताबा सुटायचा. त्या समितीच्या टंकलेखिका होत्या. समिती भरायची उतारूंच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिकीटखिडकीच्या पाठीमागे, डुगडुगणाऱ्या एका लांब टेबलाभोवती. डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास यायचा. टेबलाशी बंदर खातं, गिरणीचा मॅनेजर, मासेवाल्या, दवाखान्याची मेट्रन, होडीवाले, कधी शाळेच्या मोठ्या बाई. अध्यक्ष होते मिशीवाले साहेब. त्यांनी एकच रीत घालून दिली होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. आपलं गाऱ्हाणं आपण मांडायचं नाही. आधी समोरच्याचं मांडायचं, तेही असं की त्याने मान हलवून म्हटलं पाहिजे, हो, हेच माझं म्हणणं. मग त्याने तुमचं मांडायचं. दोन्हीकडच्या माना हलल्या की मग भांडा खुशाल.

भांडायला फारसं उरायचंच नाही. एकदा गिरणीच्या रंगाच्या पाण्यावरून जुंपली. मॅनेजरला मासेवालीची बाजू मांडायची होती. गडी कोट सावरून उठला आणि मत्स्यव्यवसायाची हानी वगैरे बोलू लागला. मासेवाली मान हलवेना. दुसऱ्यांदा हलवेना, तिसऱ्यांदाही नाही. मग तो घाम पुसून म्हणाला, हिच्या जाळ्याला आमच्या रंगाचा वास लागतो, गिऱ्हाईक मासळी हुंगून खाली ठेवतं, आणि तेव्हा हिला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं होतं. बाईने मान हलवली आणि पदराने नाक पुसलं. मग तिने मॅनेजरची बाजू मांडली ती त्याच्यासारखं पोट पुढे काढून, चष्मा नसताना चष्मा वर सारत. मालक वरून ओरडतो, कामगार खालून ओरडतात, मधल्या मधे माझी चटणी होते, असं म्हणाली. मॅनेजर हसला, आणि मग हसायचं थांबून त्याने मान हलवली. ओहोटीलाच पाणी सोडायचं, हे त्याच दुपारी ठरलं आणि गिरणी बंद पडेपर्यंत पाळलं गेलं. असं काही टाइप करताना ताईंना काय गोड वाटायचं ते त्यांनाच ठाऊक. पुढे साहेब गेले, समिती मोडली, शेडचा पत्रा भंगारात गेला.

आता हे. बैठक चालवायला बाहेरून एक सल्लागार बाई आणल्या होत्या. गोड बोलणाऱ्या. प्रत्येकाला मोजकी मिनिटं, आणि जो तो आपापलं रडगाणं गाऊन फोनमध्ये डोकं घालत होता. दुकानदार बोलले, बसवाले बोलले, घरं बांधणारा एक जण तर पडद्यावर चित्रं दाखवत बोलला. कुणी कुणाचं ऐकलं असेल तर शपथ. बाई प्रत्येकाला म्हणत होत्या, "नोंद घेतली."

मग दादांचं नाव पुकारलं. समोर पूल खात्याचे अभियंता बसले होते. वाट सोडायला त्यांचाच नकार होता. दादा उठले, अभियंत्यांकडे वळले, आणि तो आता काय करणार ते ताईंना कळलं.

"पाणी चढलं की खालची वस्ती बुडते," दादा म्हणाले. "छपरावरून माणसं काढलीत मी. एक म्हातारी हातातून सुटली ती सुटलीच. भिंत पाहिजेच. आणि भिंतीत माझ्या होडीसाठी वाट ठेवली तर पाणी पहिल्यांदा तिथूनच घुसणार. मग लोक मला नाही धरणार, या साहेबांना धरणार. रात्री पाऊस वाजला की यांची झोप उडत असेल. मी यांच्या जागी असतो तर मीही वाट सोडली नसती."

सगळे फोनमधून वर बघायला लागले. अभियंत्यांनी अगदी मनापासून मान हलवली. दादा समाधानाने खाली बसले आणि वाट बघू लागले.

त्याच्याकडे उत्तर होतं. नर्सबायांचं म्हणणं होतं, आणि वाटेला बसवायचा जाड फळ्यांचा दरवाजा होता. पाणी चढायच्या आत खाचेत फळ्या सरकवायच्या, पाणी उतरलं की काढायच्या. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने काढून त्याने तो ताईंना समजावला होता. पण ती पुढची गोष्ट. आधी अभियंत्यांनी उठून होडीची बाजू मांडायला हवी होती.

अभियंता कशाला उठतात. त्यांनी पाण्याची बाटली उघडली. सल्लागार बाई म्हणाल्या, "किती समंजस बोललात. म्हणजे होडीवाल्यांची हरकत नाही. नोंद घेतली." आणि पुढचं नाव पुकारलं.

ताई उठल्या. पट्टी नसलेल्यांनी बोलायचं नाही, असं त्या मुलीने हळूच सांगितलं. तरी ताईंनी पदर खोचून बोलायला तोंड उघडलं, पण दादांनीच त्यांचा हात धरून खाली बसवलं. अजून साहेब बोलायचेत, असं तो कुजबुजला. शेवटपर्यंत तो अभियंत्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

बैठक उठल्यावर सल्लागार बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. तुमच्यासारखी माणसं आम्हाला हवीत, म्हणाल्या. लोकांना प्रकल्प समजावून सांगायला. मानधनही आहे.

"आणि लोकांचं तुम्हाला कोण समजावून सांगतं?" दादांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, खरंच त्याला जाणून घ्यायचं होतं. बाई हसल्या आणि कार्ड देऊन गेल्या.

रस्त्यात ताईंनी त्याला सोललं. दरवाजाचं का नाही बोललास, जिभेला काय लकवा झाला होता?

"तो बोलला नाही," दादा म्हणाले. "मग मी कसा बोलणार?"

"त्याला ती रीत माहीत तरी आहे का रे? तिथे ती पाळणारा तू एकटा होतास. एकट्याने पाळली की ती रीत राहत नाही, दादा. गळफास होतो."

इतक्या वर्षांत त्याचे खांदे असे पडलेले ताईंनी पाहिले नव्हते, आणि त्यांना आपल्याच जिभेचा राग आला.

धक्क्यावर संध्याकाळच्या फेरीची माणसं ताटकळत होती. काय झालं, काय झालं, म्हणून सगळ्यांनी घेरलं. दादांनी घसा साफ केला आणि सुरू केलं, पाणी चढलं की खालची वस्ती बुडते, भिंत पाहिजेच...

"म्हणजे तुम्हीच हो म्हणून आलात?" जुन्या मेट्रनच्या हाताखालची एक थोराड नर्स म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"दादा," ताई म्हणाल्या, "आधी तुझं सांग."

तो थबकला. स्वतःचं बोलायची सवयच नव्हती. दुसऱ्याचं तो घडाघडा बोलला असता, मासेवालीचं, मॅनेजरचं, मेट्रनचंही.

"मला," तो म्हणाला. मग पुन्हा, "मला होडी चालवायचीय. मला दुसरं काही येत नाही, आणि हे बंद झालेलं मला नकोय." कान लाल झाले त्याचे, या वयात.

नर्सने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग हे तिथे जाऊन बोलू या. उद्या सकाळी रात्रपाळी संपली की मी मोकळी आहे. ऑफिस कधी उघडतं? आणि त्या साहेबासमोर खुर्ची टाकून बसायचं. तो तुमचं बोलेपर्यंत उठायचं नाही."

"मीही येते," मागून कुणीतरी म्हणालं.

"दहाला उघडतं," ताई म्हणाल्या. "आणि याच्याकडे दरवाजा आहे एक. विचारा त्याला."

सगळे होडीत चढले. इंजिनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून दादांनी वल्ही काढली. दरवाजाचं समजावायला तोच लागणार होता, तेव्हा एक वल्हं नर्सने घेतलं आणि एक ताईंनी. होडी वेडीवाकडी चालली. पलीकडे पोचायला चांगलाच उशीर झाला.