पाय वाऱ्याकडे

माझ्या उंचीवर लोकांनी आजवर इतके विनोद केलेत, की त्यातले बरे कुठले आणि टाकाऊ कुठले हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं सांगता येतं. 'वर हवा कशी आहे?' हा टाकाऊ. 'शिडी' हे त्यातल्या त्यात बरं, निदान शिडीचा काही उपयोग असतो. पण 'हिचे पाय तंबूत मावत नाहीत' हा विनोद नव्हे. तो आरोप आहे आणि तो धडधडीत खोटा आहे. तो करणाऱ्या माणसाशी तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

आमचा भटक्यांचा एक क्लब आहे. तो त्या क्लबचा लीडर. सगळे त्याला लीडरच म्हणतात. मीही घरात म्हणायचे, आधी कौतुकानं आणि नंतर टोमणा म्हणून. तीन वर्षांपूर्वी क्लबच्या वार्षिक मुक्कामाला, डोंगराच्या धारेवर, आमचा तंबू भर दुपारी वाऱ्यानं फाटला. त्यानं तो वाऱ्याला आडवा लावला होता, कारण दारातून दरी दिसली पाहिजे. मी म्हटलं होतं, पायाकडची ठेंगणी बाजू वाऱ्याकडे कर. "तू फक्त पाय आखडून घे," तो म्हणाला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत." तंबू पडल्यावर क्लब गोळा झाला, तेव्हा त्यानं हसत हसत सांगितलं की हिनं झोपेत पाय ताणले आणि शिवण उसवली. लोक पोट धरून हसले. मी झोपलेच नव्हते. मी आत बसून दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवला होता. नाचता येईना अंगण वाकडं, आणि तंबू लावता येईना बायको लांब.

त्या विनोदावर तो तीन वर्षं जगला. लग्न मोडलं तेव्हा नातेवाइकांनाही त्यानं तेच सांगितलं, "तिचे पाय कुठेच मावत नाहीत हो." घटस्फोट मी पचवला. वर्षभरात माझ्या जागी दुसरी आली, तेही पचवलं. हे मात्र पचलं नाही. यंदाच्या मुक्कामाची सूचना आली, तीच धार, आणि मी मनाशी ठरवलं. एकटीचा तंबू घ्यायचा, आपल्या पाठीवर वाहून न्यायचा, त्याच्या शेजारी लावायचा आणि सगळ्या क्लबच्या डोळ्यांदेखत त्यात पाय सरळ पसरून दाखवायचे. वारा आला तर सोन्याहून पिवळं.

"उट्टं काढायला तंबू कशाला लागतो गं?" आई म्हणाली. "दोन शब्द पुरतात."

"शब्द त्याला सुचतात. मला ऐन वेळी सुचत नाहीत."

"मग माझे घेऊन जा." आईकडे ते भरपूर आहेत.

दुकानदार माझ्या खांद्याला लागत होता. मान वर करून त्यानं विचारलं, "कोणासाठी बघताय?"

"माझ्यासाठी."

"आणि बरोबर?"

"बरोबर कोणी नाही. हलका हवा. एकटीला वाहायचाय."

त्यानं एक तंबू उभा केला. सहा फुटी माणसासाठी आहे, वजन काहीच नाही, लोक डोळे झाकून नेतात, वगैरे. मी बूट काढले आणि दुकानाच्या मधोमध त्यात आडवी झाले. एक बाई लहान मुलाला घेऊन टॉर्च बघत होती, ती दोन पावलं मागे सरकली.

मी एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना टेबलावर आडवं करायचं आणि 'हलू नका' म्हणायचं, हा माझा धंदा. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: आडवा माणूस उभ्या माणसापेक्षा लांब असतो. पाठीवर सैल पडलं की चवडे पुढे कलतात आणि अंगठे टाचांच्या चार बोटं पलीकडे जातात. तंबूवाले लांबी मोजतात जमिनीवर, आणि कापड तर दोन्ही टोकांना तिरकं खाली येतं. गादीवर चढून झोपलं की एकीकडे नाक टेकतं, दुसरीकडे अंगठे. श्वासाची वाफ कापडाला आतून धरते आणि पहाटे स्लीपिंग बॅग पायाशी चिंब. लग्नातली कितीतरी वर्षं मी ओल्या पायांनी उठले आणि चूक पायांची समजले.

"टेकतात," मी आतून ओरडले.

दुसरा लांब होता, पण कपाटासारखा उंच. "वाऱ्यापुढे छाती काढून उभा राहील," दुकानदार म्हणाला. मला छाती काढणारं काही नको होतं, त्याचा अनुभव घेऊन झाला होता. तिसरा ऐसपैस. "थोडं वजन जास्त आहे, पण ताई, कधी कोणी आलंच तर दोघं बसतील."

"कोणी येणार नाही."

"येतं हो कोणीतरी."

"आलं तर बाहेर बसेल."

त्यानं हात टेकले आणि मागच्या फळीवरून एक पुडकं काढलं. चिखलाच्या रंगाचं, कोणाच्या नजरेत न भरणारं. मधे खांब म्हणून चालायचीच काठी लावायची. दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत कोपरभर लांबीच्या काड्या उभ्या शिवलेल्या, त्यामुळे टोकाचं कापड तिरकं न येता सरळ खाली उतरत होतं. पायाकडची बाजू ठेंगणी. रुंदी एका माणसाची, त्यातही अंग चोरणाऱ्या. मी आडवी झाले, चवडे सैल सोडले. काहीच टेकलं नाही. हात डोक्यावर नेले, तरी तिकडे चार बोटं जागा उरली. चाळिशीला आलेली बाई दुकानाच्या फरशीवर पडून रडायला लागली तर वाईट दिसतं, म्हणून मी रागावायचं ठरवलं. एवढंसं कापड आणि दोन-चार काड्या. माझ्या पायांना पुरेल असं काही जगात होतं, आणि मला सांगितलं गेलं की पाय आखड.

"ताई, झोप लागली का?" दुकानदारानं बाहेरून विचारलं.

वारा काही दुकानात मिळत नाही. नाही जमला तर परत आणीन या बोलीवर मी तंबू घरी नेला आणि सुट्टीच्या दिवशी गच्चीवर लावला. दोऱ्या टाकीच्या पाइपाला आणि विटांना बांधल्या. आधी मुद्दाम आडवा लावला, लीडरसारखा. कापड फडाफडा थोबाडीत मारल्यासारखं वाजलं, काठी वाकली आणि सगळं माझ्या नाकावर आलं. मग फिरवून पायाकडची बाजू वाऱ्याकडे केली. वारा ठेंगण्या बाजूवरून चढून पाठीवरून निघून गेला आणि कापड ताणून गप्प बसलं. आई खुर्ची टाकून बघत होती. "गाठ बांधताना त्याचं तोंड आठव," ती म्हणाली. "घट्ट बसते."

मुक्कामाला पोचले तेव्हा लोकांची जरा पंचाईत झाली. पूर्वी मला सगळे वहिनी म्हणायचे. आता वहिनी दुसरी होती, म्हणून मी ताई झाले. नवी वहिनी माझ्या कोपराएवढी, गोड आणि सारखी 'सॉरी' म्हणणारी. लीडरनं नवाकोरा मोठा तंबू आणला होता आणि तो लावला होता धारेला आडवा, दार दरीकडे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी बरोबर त्याच्या शेजारी माझं पुडकं सोडलं.

"अरे वा!" लीडर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शिडीला कव्हर मिळालं!"

हशा झाला. गवत एकाच दिशेनं आडवं पडायला लागलं होतं आणि समोरच्या डोंगरावर ढग काळे होत होते. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी सांगितलं नाही. मला तो तंबू पडायला हवा होता, सगळ्यांसमोर आणि उजेडात. मी माझा तंबू पायाकडची बाजू वाऱ्याकडे करून लावला, प्रत्येक गाठीला त्याचं तोंड आठवलं, आणि दुपारचं जेवण झाल्यावर आत जाऊन पाय पसरून वाट बघत पडले.

फार वाट बघावी लागली नाही. वारा आला तो पाऊस घेऊनच. माझं कापड ताणलं आणि गप्प झालं. शेजारी आधी फडफड, मग लीडरच्या शिव्या, मग दांडा मोडल्याचा कडाक्‌ आवाज आला. तो मी कान भरून ऐकला. इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात माझ्या दाराशी त्याचा चेहरा आला, निथळणारा. "अगं, हिला आत घे!"

"सोलो आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी गच्चीवर, आंघोळीत, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, सगळीकडे म्हणून बघितलं होतं.

पण त्यानं तिला ढकललंच होतं. नवी वहिनी गुडघ्यांवर आत आली, थरथरत, केस तोंडावर. तिला बाहेर काढणं मला जमलं नाही. आणि तिला जागा करायला मी पाय आखडले. माझ्या स्वतःच्या तंबूत. याबद्दल त्या माणसाला मी कधीही क्षमा करणार नाही.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "माझ्यामुळे झालं सगळं. चेन राहिली माझ्याकडून."

"कसली चेन?"

"दाराची. तो म्हणतोय, चेन उघडी राहिली म्हणून वारा आत शिरला. मला लावल्यासारखी आठवतेय. पण मी आहेच वेंधळी."

"हे कोण म्हणालं, वेंधळी?"

तिनं तोंडावरचे केस मागे सारले आणि बाहेरून येणाऱ्या त्याच्या आवाजाकडे मान वळवली. माझं डोकं असं तापलं की त्या थंडीत मला गरम व्हायला लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो विनोद माझ्यासाठी घडवलेला आहे, माझ्या मापाचा. तो कोणालाही बसत होता.

पाऊस थांबला तसे आम्ही बाहेर आलो. क्लब पडलेल्या तंबूभोवती जमलाच होता. लीडर कमरेवर हात ठेवून उभा. "तुमच्या वहिनींचा प्रताप बघा!" तो म्हणाला. "दार सताड उघडं ठेवून बसल्या होत्या बाईसाहेब!" आणि लोक हसले. तेच हसणं, त्याच तोंडांतून.

चिखलात दाराचं कापड पडलं होतं आणि त्याची चेन वरपासून खालपर्यंत लागलेली होती. मला दोन पावलांवरून दिसत होती. आईच्या शब्दांची गरजच नव्हती, कापड उचलून सगळ्यांच्या नाकासमोर धरलं की काम झालं. "जरा इकडे बघा सगळ्यांनी," मी म्हटलं आणि वाकले.

नवी वहिनी माझ्या आधी वाकली होती. तिची बोटं चेनवर होती. सर्रकन एक आवाज झाला.

"उघडीच होती," ती सगळ्यांना म्हणाली. "माझंच चुकलं."

पुन्हा हशा. लीडरनं तिच्या खांद्यावर थोपटलं. तिची बोटं फक्त मी बघितली. मी ओरडू शकले असते, पण ओरडून काय सांगणार होते? चेन उघडी होती, जगानं बघितली. मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मग आठवलं की तीन वर्षांपूर्वी माझ्या पायांवर सगळे हसले, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते. 'हो बाई, माझेच मेले पाय,' असं म्हणाले होते. त्याची मान खाली जाऊ नये म्हणून.

मी चिखल धुवायला खाली झऱ्यावर गेले. राग जिरवायला पाणी बरं असतं म्हणतात, माझा जिरला नाही. थोड्या वेळानं ती रिकाम्या बाटल्या घेऊन आली, शेजारी बसली आणि एक बाटली पाण्यात बुडवली.

"ताई, चेन लागलेली होती ना?"

"होती."

"मला माहीत होतं." बाटली भरून वाहायला लागली तरी ती तशीच धरून बसली होती. "हा एकटीचा तंबू कुठे मिळतो?"

"तुला उंच माणसाचा काय करायचाय?"

"उंचीचा नको. वाऱ्याचा हवाय."

मी तिच्याकडे नीट बघितलं. ती या वेळी सॉरी म्हणाली नव्हती. "सुट्टीच्या दिवशी जाऊ," मी म्हटलं. "मी येते बरोबर. तो दुकानदार तुला दोघांचा गळ्यात बांधायला बघेल, ऐकायचं नाही. आत आडवी होऊन बघायचं."

"घरी काय सांगू? आईकडे जाते म्हणून सांगू?"

"आईकडे कशाला? खरं सांग. तंबू घ्यायला जाते म्हण, एकटीचा. कोणाबरोबर जातेस, तेही सांग." आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "सगळ्यांसमोर सांग. रात्री जेवताना."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. दुसरी भरलीच नाही. "जेवणापर्यंत धीर राहायचा नाही माझा," ती म्हणाली. "आत्ता सगळे तिथेच आहेत." आणि ती चिखलातून वर चढायला लागली.

मी लांब टांगा टाकत तिच्या मागे निघाले. मला त्यातला एक शब्दसुद्धा चुकवायचा नव्हता.