मुरुमावरची फौज

स्वरदाने आणलेला खोका सुनीतीने उघडला, वरचा कापूस बाजूला केला आणि तिचा हात तिथंच थांबला.

खोक्यात शिपाई होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, धातूचे, निळ्या कोटांचे, खांद्यावर बंदुका घेतलेले. प्रत्येकजण रुपयाएवढ्या चकतीवर उभा होता आणि चकतीवर तांबडी जमीन होती. मुरुमाचे खडे, काथ्याचं वाळकं गवत, कुठं पाणी वाहून पडलेली बारीकशी घळ. ती जमीन सुनीतीच्याच हातची होती.

"दीदी, इनके बेस बदलने हैं," स्वरदा म्हणाली. "मुझे बर्फ चाहिए. पूरी फौज बर्फ में चल रही हो, ऐसा."

स्वरदा शंकर नगरात राहायची, बँकेत नोकरी करायची. घर मराठीच. बोललेलं सगळं तिला समजे, पण उत्तर मात्र हिंदीतच येई.

"कोठून आणले हे?" सुनीतीने विचारलं.

"पुणे से. गौतम अंकल हैं एक, वो बेच रहे थे. उन्होंने ही बताया कि बेस बदलवाने हों तो रायपुर में पुरानी बस्ती वाली सुनीती जी को देना. और किसी से तुड़वाना मत."

सुनीतीने कापूस पुन्हा वर ओढला. "ठेवून जा," ती म्हणाली. "जरासा वेळ लागन."

छत्तीसगडचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शंकर नगरात नव्या राजधानीचे नकाशे काढणारं एक ऑफिस निघालं आणि गौतम नागपूरहून त्यात नोकरीला आला. सुनीतीचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून पुरानी बस्तीत. ती दाताच्या कॅपा आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. गौतमची एक कॅप उंच झाली होती. डॉक्टर गावाला गेलेले, म्हणून तो सरळ लॅबमध्येच आला. सुनीती कॅप घासत होती आणि तो तिच्या टेबलावरची मेणाची दाढ निरखत होता. दाढेवरच्या खाचा, उंचवटे तिने सुईसारख्या हत्याराने कोरले होते.

"हे तर डोंगर-दऱ्या करून राहिल्या तुम्ही," तो म्हणाला. मग खिशातून त्याने एक शिपाई काढून टेबलावर ठेवला. "ह्याच्या पायाखाली जमीन करून द्याल काय?"

"कसली जमीन?"

"कसलीही चालन. आता पाहा ना, ताटात उभा असल्यासारखा दिसते बिचारा."

हा एक खेळ असतो, असं त्याने सांगितलं. मोठ्या टेबलावर दोन फौजा मांडायच्या, पट्टीने मोजून शिपाई पुढं सरकवायचे, फासे टाकून लढाई करायची. शिपाई तो स्वतः रंगवायचा. पण जमीन त्याला जमत नव्हती.

सुनीतीने प्लास्टरचा थर दिला, ओला असतानाच त्यात मुरूम दाबला, काथ्याचे तीन-चार तंतू रोवले. गौतम तो शिपाई डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बसला. "आता हा कुठून तरी आला आहे," तो म्हणाला, "आणि कुठं तरी चालला आहे."

मग रविवार ठरूनच गेले. दोघं स्कूटरवर निघत. नव्या राजधानीसाठी आखलेल्या माळावरून मुरूम, महादेव घाटावरून खारून नदीची वाळू, सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूने काळी भुकटी. ती जळालेलं शेत दाखवायला चाले. घरी येऊन सुनीती ते सगळं चहाच्या गाळणीने चाळायची. गौतम जेवायला थांबायचा. सुनीतीचे वडील नीलकंठराव त्याच्यासाठी मुद्दाम दही लावायला सांगायचे. शेजारच्या मीराबाई तर स्पष्टच बोलल्या होत्या, "पोट्टा चांगला आहे, जातो-येतो. मग काहून थांबून राहिले तुम्ही लोक?"

सुनीतीला वाटे, तो विचारेल. गौतमला काय वाटत होतं, ते तिला कधी कळलं नाही. त्याच्या खोलीवर ऑफिसातले दोन मित्र खेळायला जमत. सुनीती चहा करून दारात उभी राहून बघायची. तिला कुणी बस म्हटलं नाही, आणि तिनेही मला खेळायचं आहे असं म्हटलं नाही. आपलं काम जमिनीपुरतं, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

ऑफिसचं काम संपलं तसा गौतम पुण्याला गेला. काही वर्षं कुरियरने चकत्या जात राहिल्या. एकदा त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मग दिवाळीचे मेसेज उरले. नीलकंठराव गेले तेव्हा त्याचा फोन आला होता, पण त्या दिवशी घरात माणसंच इतकी होती की धड बोलणं झालं नाही.

आणि आता फौज परत आली होती.

दोन दिवस सुनीतीने खोक्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर तिने फोन लावला.

"सुनीतीजी?" गौतमने लगेच उचलला. "पोचले काय शिपाई?"

"पोचले."

"घरात जागाच नाही राहिली. सासूबाईंना आणलं इकडे, ती खोली त्यांना दिली. आणि खेळायलेही कोणी नाही आता. ती पोरगी रायपूरची आहे म्हणाली, तं मले बरं वाटलं. तुमच्या हातात तरी जातील."

"तिले बर्फ पाहिजे. मुरूम नको म्हणते."

"हो, म्हणाली मलेही. दुसऱ्या कोणी काढले असते तं पाय तुटले असते."

सुनीती खिडकीपाशी उभी होती. खाली गल्लीत मीराबाईंची सून वाळवण गोळा करत होती.

"मले काहून नाही विचारलं?" सुनीती म्हणाली.

तिला म्हणायचं होतं, विकायच्या आधी. पण तेवढे शब्द मागेच राहिले आणि वाक्य आहे तसंच पलीकडे गेलं.

"विचारायले पाहिजे होतं," गौतम म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. "मोठी चूक झाली ती."

कुठली, ते तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. तब्येतीला जपा, असं दोघांनी एकमेकांना म्हटलं आणि फोन ठेवला. सुनीती बाजेवर बसली आणि पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने कुकर लावला.

दुसऱ्या दिवसापासून तिने कामाला हात घातला. दाताचे साचे कापायची बारीक करवत टाचेखाली घालायची आणि श्वास रोखून ओढायची. शिपाई सुटायचा. मागे तांबड्या जमिनीत दोन पावलांच्या जागा राहायच्या.

शेवटी फौजेपुढं ढोल वाजवत चालणारा ढोलवाला राहिला. त्याच्या पायाशी तिने एकदा खारूनची इवलीशी शिंपली लावली होती. ती शिंपली गौतमने शोधून दिली होती, पँट गुडघ्यापर्यंत वर करून. सुनीतीने स्वरदाला फोन केला.

"एक मागू काय तुले? तो ढोलवाला मले दे. जमिनीसकट. त्याचे जे होतील ते मी देईन."

"दीदी, बुरा मत मानना. ढोल वाले के बिना वो टुकड़ी आगे नहीं बढ़ती. खेल का नियम है. दूसरा कोई ले लो ना."

"दुसरा नको," सुनीती म्हणाली. "राहू दे."

आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंड उघडून काही मागितलं होतं, आणि ते मिळालं नव्हतं. तरी मागितल्याचं तिला वाईट वाटलं नाही. ढोलवाल्याला तिने सर्वांत हळू कापलं.

बर्फ काही साधेना. पहिल्या चकत्या चुना फासल्यासारख्या दिसल्या. शेवटी ती बूढ़ा तालाबपाशी गोळेवाल्याकडे गेली आणि किसलेला बर्फ मागितला.

"शरबत कौन सा डालूं दीदी?"

"शरबत नहीं, खाली बर्फ."

बाकावर बसून तिने तो द्रोणात वितळू दिला. कडेने आधी पाझरतो, मध्ये ढीग टिकतो, खालची जागा ओली काळी पडते, हे बघितलं. घरी येऊन संगमरवराची पूड फेविकॉलमध्ये कालवली आणि टाचांभोवती सिलतऱ्याच्या भुकटीची काळसर ओल ठेवली. या वेळी शिपायांना थंडी वाजत असल्यासारखं दिसलं.

रविवारी ती फौज घेऊन शंकर नगरला गेली. स्वरदाने एकेक शिपाई उचलून उजेडात धरून पाहिला. मग विचारलं, "पुराने वाले बेस?"

"माझ्याकडे राहतील."

"हव दीदी, रख लो." स्वरदाने टेबलावर पांढरी चादर अंथरली, खाली पुस्तकं सारून तिची टेकाडं केली, समोर दुसरी फौज मांडली. "आज मेरी सहेली नहीं आ रही. आप खेलोगी?"

सुनीती दारातच उभी होती, चप्पल पायात. "मले येत नाही."

"सिखा दूंगी ना."

सुनीतीने चप्पल काढली आणि खुर्ची ओढली. स्वरदाने निळे शिपाई तिच्याच बाजूला दिले. ढोलवाला कुठं उभा करायचा, पट्टी कशी धरायची, फासे कसे मोजायचे, सगळं समजावलं. सुनीती पट्टी लावून एकेक शिपाई सरकवू लागली. सरकवताना गौतम शिपायाला डोक्याला न धरता कमरेला धरायचा. तिची बोटंही तिथंच जात होती. खिडकीबाहेर ऊन उतरलं. तिची अर्धी फौज पडली. उरलेली घेऊन ती पुढच्या टेकाडाकडे निघाली.