दहापट पातळ

आमच्या काचकारखान्यातल्या रसायनमास्तरांचं नाक म्हणजे काही विचारू नका. शेजारणीच्या चहात साखर अर्धा चमचा कमी पडली, की हे भिंतीअलीकडून तिच्या नवऱ्याला ओरडून सांगत आणि तिथे जुंपे. काचेवर नक्षी कोरायच्या आम्लाची टाकी तर झाकण किलकिलं करून नुसती हुंगत, की टक्का हजर! मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, तरी एवढं खरं धरा.

पण वीस वर्षं ते आम्ल हुंगून नाक केव्हाच मेलं होतं. हे ठाऊक फक्त मला. मास्तर आता गुपचूप मोजून टक्का काढत आणि वर हुंगल्याचं सोंग करत.

त्या दिवशी टाकी उपसून घासायची होती. तळच्या पाण्यात आम्ल अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तरच माणूस उतरवायचा. उतरणार होता मास्तरांचाच जावई. मास्तरांनी नमुना घेतला. घट्ट असलं तर काचेची नळी खाईल, म्हणून दहापट पातळ केला. थेंब थेंब अल्कली सोडली, रंग पालटला, घाईत हिशेब मांडला. शून्य पूर्णांक चार.

"उतर रे!"

"मामा, नीट हुंगलंत ना?" जावई हसला.

"तू शिकव आता मला!"

बुटांच्या शिवणी उसवल्या होत्या. मोजे ओले झाले, एवढंच त्याला कळलं. हे आम्ल मोठं सभ्य. आधी दुखवत नाही, हाडाशी पोचलं की मग हाक मारतं. संध्याकाळी भरल्या ताटावरून तो किंचाळत उठला.

मास्तर धावत प्रयोगशाळेत आले, कागद पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "दहाने गुणायचं राहिलं. चार टक्के होतं रे."

"बुटांवर ढकला," मी म्हणालो. "कोण तपासतंय?"

त्यांनी ऐकलं नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात लेकीला सगळं सांगून टाकलं, नाकाचंही.

ती रडली नाही. "दहाने राहिलं? बाबा, माणसाच्या पायांना बोटं किती, तेवढं तरी पाठ होतं ना?"

हल्ली जावयाची मलमपट्टी मास्तरच करतात. रोज सकाळी बोटं मोजतात, कागदावर लिहितात आणि मला म्हणतात, "सहा. तपास बरं."

मी वाकून मोजतो. जन्मभर थापा मारल्या. इथे एखादी मारून सात म्हणावं, असं रोज वाटतं. पण सहाच भरतात.