मामांची गाठ

"पुढच्या मंगळवारी येताना घरचं कोणीतरी बरोबर आणा," डॉक्टर म्हणाले. "या गोष्टी एकट्याने ऐकायच्या नसतात."

मामा हो म्हणाले आणि जिना उतरता उतरता घरचं माणूस शोधू लागले. थोरले भाऊ गेले. वहिनी अंथरुणाला खिळलेल्या. पुतण्या होता, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे 'कसे आहात', 'बरा आहे', आणि मग दोघांनीही फोनमधली खरखर ऐकत राहणं. लग्नाचं राहून गेलं ते गेलंच. तसं पाहिलं तर मामा कोणाचेच मामा नव्हते; त्यांना बहीणच नव्हती. हे नाव दिलं होतं विणणाऱ्या बायकांनी.

दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत या बायका लोकर घेऊन जमत. त्यांच्यात हा एकटा पुरुष. छापखान्यात जन्मभर प्रूफं तपासली, आणि निवृत्त झाल्यावर हाताला काहीतरी हवं म्हणून क्रोशाची सुई धरली. टाके त्यांचे बेताचेच, पण गुंता सोडवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोणाची लोकर गुंतली की ठरलेलंच, "कात्री लावू नका गं, मामांकडे द्या."

संध्याकाळी मामांनी विणकामाच्या ग्रुपवर लिहायला घेतलं. 'कॅन्सर' लिहिलं, खोडलं. 'स्वादुपिंड' लिहिलं, तेही खोडलं. शाळेच्या पुस्तकातलं वाटलं. शेवटी गेलं ते असं: "एक गाठ निघाली आहे. कठीण आहे. एकट्याला झेपेल असं वाटत नाही."

पहिलं उत्तर बँकेतल्या ताईंचं आलं. "अगंबाई! मामांना गाठ सुटेना? सूर्य कुठून उगवलाय आज?"

"शनिवारी घेऊन या," सगळ्यांत धाकटी, जिला सगळ्या चिमणी म्हणत, तिने लिहिलं. "सगळ्या मिळून बघतोच तिच्याकडे."

"आणि ओढू नका," कोपऱ्यावरच्या दुकानातल्या शिवणवाल्या बाईंनी बजावलं. "ओढली की बसलीच घट्ट."

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. लोकांचे राहून गेलेले शब्द भरण्यात हयात गेली, आणि आपल्याच वाक्यातला 'पोटात' तेवढा राहून गेला! अजून टाकला असता तर झालं असतं. पण खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. आपल्यापायी इतकी माणसं एकदम बोलल्याला किती दिवस झाले होते, देव जाणे. त्यात मिठाचा खडा टाकवेना.

मग शुक्रवारी त्यांनी निळ्या लोकरीचा एक चांगला गुंडा घेतला आणि तो गुंतवायला बसले. हातांना ते वळणच नव्हतं. बोटं सारखी सोडवायला धावत. "देवा, हे काय करून घेतोयस माझ्याकडून," म्हणाले, आणि करत राहिले.

शनिवारी सगळी डोकी टेबलावर वाकली.

"अहो मामा, ही गाठ आहे की आमच्या साहेबांचा स्वभाव?" बँकेतल्या ताई म्हणाल्या.

"ताई, बोट काढा तुमचं, माझी सुई अडकतेय," चिमणी म्हणाली. "आणि मामा आज गप्प का एवढे?"

"अगं, पेशंटचे नातेवाईक असेच बसतात!"

सगळ्या हसल्या. मामाही हसले. किती हळुवार हात लावत होत्या त्या! कोणी फुंकर घालत होतं, कोणी पिनेने धागा उचलत होतं. ही गाठ सुटूच नये असं त्यांना वाटत होतं.

शिवणवाल्या बाई मात्र थांबल्या. त्यांनी धागा खिडकीच्या उजेडात धरला.

"ही गुंतलेली नाही. ही कोणीतरी गुंतवलीय." त्यांनी चष्मा काढला. "काय हो मामा, थट्टा करताय आमची?"

"नाही हो." मामा म्हणाले. "गाठ आहे. पण पोटात आहे. कॅन्सरची."

कोणाच्याच हातातला धागा लगेच सुटला नाही. मग एकेकीने तो खाली ठेवला. बँकेतल्या ताईंनी आपल्या चुलत दिरांची हकीकत सुरू केली आणि मध्येच आवरती घेतली, कारण ते दीर काही वाचले नव्हते. चिमणीने आपली उशी मामांच्या पाठीशी दिली. कोणीतरी न मागता चहा आणला.

"मंगळवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात कोणाला तरी बरोबर न्यायचंय," मामा म्हणाले.

"हो हो, काहीही लागलं तर सांगा."

"अगदी संकोच करू नका हं."

सांगून झालंय, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

निघताना दर वेळी 'मामा, खुर्च्या लावा, नुसते मिरवू नका' म्हणणाऱ्या ताईंनी आज स्वतःच खुर्च्या लावल्या. "जपा हं," म्हणाल्या. मामांना ते फार लागलं.

ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं आली, मग काहीच येईना. अर्धवट विणलेल्या बाह्या, चुकलेले गळे, कोणी काही दाखवेना. आजारी माणसाला कशाला त्रास, असं असावं.

मंगळवारी मामा दवाखान्याच्या बाकावर बसले. नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या बाईंना म्हणाले, "तुम्ही जा आधी. माझं माणूस यायचंय." असे दोघांना पुढे जाऊ दिलं. तिसऱ्यांदा ते उठलेच होते, तोच जिन्यावरून धापा टाकत शिवणवाल्या बाई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच.

"दुकान बंद करून आलेय," त्या म्हणाल्या. "उपकार वगैरे म्हणू नका. थट्टा म्हणाले ना मी तुम्हाला, शनिवारपासून घास उतरत नाहीये."

"म्हणायलाच हवं होतं. चांगली लोकर नासवली मी."

"ते तर आहेच. चला."

आत डॉक्टरांनी वर पाहिलं. "तुम्ही यांच्या कोण?"

बाईंनी मामांकडे पाहिलं, मामांनी जमिनीकडे. बहीण म्हणावं तर खोटं, शेजारीण म्हणावं तर तेही नाही.

"आम्ही बरोबर विणतो," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसऱ्या खुर्चीकडे हात केला. "बसा," म्हणाले, आणि बोलू लागले. मामांना आवाज येत होता, अर्थ लागत नव्हता. खोलीतली भिंत लांब लांब जात होती.

"थांबा डॉक्टर," बाई म्हणाल्या. "हे शेवटचं परत सांगा. हळू सांगा."