मोदकांच्या चिठ्ठीखाली

मी एक जुनी नोटीस आहे. ओमानमधल्या वादी अदाईतल्या यूनुसभाईंच्या किराणा दुकानाच्या काचेवर मी अजून चिकटून आहे, उन्हाने पिवळी पडले आहे. मित्रांनो, नोटिशीला एकच काम असतं. माझ्याकडून तेही झालं नाही, म्हणून ही कहाणी सांगते.

माझ्या शब्दांचं माहेर मोठं आहे. ओमानची मध्यवर्ती बँक! ती नव्हती तेव्हा या देशात कित्येक वर्षं हिंदुस्थानी रुपया चालत असे. मग ओमानने स्वतःचा रियाल काढला, आणि १९७४ साली ही बँक स्थापन झाली. नोटा काढायच्या, बाकीच्या बँकांवर थोरल्या बहिणीसारखी नजर ठेवायची, लोकांच्या ठेवींना धक्का लागू द्यायचा नाही, असा तिचा संसार. २०२४च्या जानेवारीत तिने जाहीर केलं, की २०२०च्या आधीच्या नोटा वर्षअखेरीपर्यंत बदलून घ्या. नंतर त्या चालणार नाहीत. रत्नागिरीच्या यूनुसभाईंनी ते जवळच्या रुवीतल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. तोच माझा जन्म. वर अरबी, खाली इंग्रजी. अंगावर मराठीची एक ओळ नाही, याचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. फार तोऱ्यात होते मी.

सुरुवातीला माझं कौतुकही झालं. लोक थांबून वाचत, घरी जाऊन पेट्या धुंडाळत. "बरं झालं लावलंत, यूनुसभाई," असं कुणी म्हणालं की मी फुगत असे.

रोज सकाळी दूध न्यायला मैना येई. मूळची कुडाळची, शेजारच्या मराठी घरी स्वयंपाकाला होती. त्याआधी बारा वर्षं तिने एका ओमानी आजींची सेवा केली होती. दर ईदला आजी तिच्या हातावर एक कोरी नोट ठेवत. मैनाचा पगार गावी जाई, पण ईदीच्या नोटा दूधपावडरच्या डब्यात राहत. लेक यशश्रीला नर्स करायचं होतं ना! हे ती यूनुसभाईंना कौतुकाने सांगे, म्हणून मला ठाऊक.

एकदा तिने त्या घरच्या उर्वीला विचारलं, "बाय, ह्या काय लिवलला हा गो?"

उर्वी सातवीतली. इंग्रजी फाडफाड, मराठी अडखळत. तिने माझी पहिली ओळ वाचली, तेवढ्यात स्कूलबस आली. "मावशी, ते... बँकेचं समथिंग आहे," म्हणून ती पळाली.

मैना हसली. तिचं बँकेत खातं कुठे होतं? तिच्या जुन्या नोटा डब्यात होत्या. मी काचेवर नुसती तळमळले.

गणपती जवळ आले. मैनाने चिठ्ठी आणली: उकडीचे मोदक मिळतील. "यूनुसभाय, ही खंय लावतास?" काचेवर बोटभर जागा नव्हती. "ही नोटीस सगळ्यांनी वाचली आता," म्हणत त्यांनी चिठ्ठी माझ्यावरच चिकटवली. खरं सांगते, उन्हापासून सुटका झाली म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं. मोदक भरपूर खपले. गणपती गेले, चिठ्ठी राहिली. डिसेंबरही तिच्याखालीच सरला.

पुढच्या जूनमध्ये यशश्रीला प्रवेश मिळाला. मैना डबा घेऊन पैसे पाठवायच्या कचेरीत गेली आणि तशीच परत आली.

"नोटो घेवक नाय त्येंनी. खलास म्हणतत," ती यूनुसभाईंना म्हणाली.

त्यांनी नोटा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. "मैनाताई, काचेवर वर्षभर कागद लावला होता मी!" ते तिला दाखवायला बाहेर आले. समोर मोदकांची चिठ्ठी. त्यांनी नखाने ती हळूहळू सोडवली, आणि खाली मी.

"माज्याच चिठयेखाली?" मैना म्हणाली. यूनुसभाईंना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी ती उर्वीला घेऊन आली. "आता सगळा वाच," म्हणाली. उर्वीने बोट ठेवत, शब्द शोधत मला मराठीत वाचलं. तारखेपाशी तिचे डोळे भरून आले. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही.

"एवढाच होता?" मैनाने विचारलं. मग रिकाम्या हातांनी उर्वीचे डोळे पुसले.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येतं. कुणी विचारलं, तर बस चुकली तरी चालेल, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. यूनुसभाई आता मला काढायला तयार नाहीत. मैना मात्र दूध दुसऱ्या दुकानातून आणते.